मुठीपासून चाकापर्यंत

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला मी धाकट्या मुलीला मागे बसवून फटफटीने लोणावळ्यास बहिणीकडे गेलो होतो. आमच्या नेऱ्याहून हा प्रवास फार लांबचा नव्हे. पनवेल गाठावे, जुन्या रस्त्याने खोपोलीपर्यंत जावे आणि बोरघाट चढावा. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. तेव्हा आम्हां फटफटीवाल्यांच्या वाट्याला जुनी वाट आणि जुनी वळणे. ओवाळणी झाली, जेवण झाले, बहिणीने फराळाचा डबा बांधून दिला आणि चारच्या सुमारास आम्ही परत निघालो.

पुढचा ब्रेक गेले दोन-तीन महिने मऊ लागत होता. लिव्हर दाबला की जुन्या उशीत बोट रुतावे तसा आत जाई. दुसऱ्यांदा दाबला की मात्र घट्ट होई. घरात कोणी गाडी मागितली तर मी सांगत असे, "पुढचा दोनदा दाब, मग लागतो." हे वाक्य मी इतक्या सहजपणे बोलू लागलो होतो, की त्यात काही वावगे आहे असे मलाच वाटेनासे झाले होते.

शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे उतार तीव्र होतो. तिथे मी लिव्हर दाबला, तो सरळ मुठीला येऊन टेकला. दोनदा दाबला, तीनदा दाबला. तो टेकतच राहिला. हाताला काहीच लागेना. पुढे एक मालाचा ट्रक रांगत होता. मी पायाखालचा मागचा ब्रेक दाबून धरला, गियर एकेक खाली आणले आणि डोंगराच्या बाजूला चाक घातले. इंजिन किंचाळले, पण गाडी थांबली.

मागून मुलगी म्हणाली, "बाबा, देऊळ बघायला थांबलो का?"

मी म्हणालो, "हो."

खोटे बोललो. मास्तर असून आणि बाप असून खोटे बोललो. आम्ही चालत देवळापाशी गेलो, नमस्कार केला, मी एक नाणे ठेवले. अर्ध्या तासाने परत येऊन लिव्हर दाबून पाहिला, तर तो पुन्हा पूर्वीसारखा, म्हणजे मऊ, परंतु लागणारा! जणू काही घडलेच नव्हते. पहिल्या गियरमध्ये, मुंगीच्या पावलांनी आम्ही खोपोलीत उतरलो.

त्या अर्ध्या तासाने मला वर्षभर पुरेल एवढा अभ्यास दिला. माणसाच्या हातातला जोर चाकापर्यंत पोचतो कसा, आणि वाटेत हरवतो कुठे, या प्रश्नाला इतिहास आहे; आणि त्या इतिहासाचा एक मोठा तुकडा याच घाटात पडलेला आहे.

* * *

बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला झाला. त्यापूर्वी लमाणांचे बैल, घोडी आणि पालख्या यांचीच ये-जा असे. मुंबईहून माणसे मचव्याने पनवेलच्या बंदरात उतरत आणि तिथून घाटाकडे निघत. रस्ता झाला तसे चाक घाटात आले, आणि चाक आले तसा उतारावर त्याला आवरण्याचा प्रश्नही आला. बैलगाडीला आवरायचे म्हणजे बैलांच्या मानेने रेटा सहन करायचा आणि जोडीदाराने दगड हातात घेऊन चाकामागोमाग चालायचे. या व्यवस्थेत हात आणि चाक यांच्यामध्ये दुसरे काहीच नव्हते. दगड चाकाखाली गेला की गाडी थांबली. नाही गेला तर दरीच.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी ती बोरीबंदराहून ठाण्याला गेली हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. परंतु खरी परीक्षा बोरघाटाची होती. १८५८ साली खंडाळ्याहून पुण्याला गाडी सुरू झाली, इकडे मुंबईची गाडी खोपोलीपर्यंत येत होती. आणि मधला घाट प्रवाशांनी पालखीत, तट्टावर नाही तर पायी ओलांडायचा, असा प्रकार पाच वर्षे चालला. जेम्स बर्कले या इंजिनियराने आखलेला घाटातला लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला आणि १८६३ साली पुरा झाला. सुमारे पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढ, पंचवीस बोगदे, आणि सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांना एक फूट. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार कामावर आला आणि थोड्याच दिवसांत, १८५९ साली, वारला; त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुढे चालवून तडीस नेले. त्या बाईचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे, असे मला नेहमी वाटते. पटकीने, तापाने आणि सुरुंगांनी किती मजूर गेले, त्यांची नावे तर कोणीच लिहून ठेवली नाहीत. ज्या शिंग्रोबा धनगराने साहेबांना डोंगरातली वाट दाखवली आणि त्याच्याच हातून प्राण गमावला असे सांगतात, त्याचे देऊळ तेवढे उभे आहे. तिथे गाडीवाले अजून नाणे टाकून पुढे जातात.

आगगाडी घाट चढली, पण उतरणार कशी? त्या काळचे ब्रेक हाताचे. ठिकठिकाणच्या डब्यांत ब्रेकवाले बसत. इंजिनावरून शिट्टी झाली की त्यांनी चक्र फिरवून लाकडी ठोकळे चाकांवर आवळायचे. म्हणजे ड्रायव्हरचा हात चाकापर्यंत पोचत होता तो शिट्टीच्या आवाजातून आणि दुसऱ्यांच्या मनगटांतून. एखाद्याला ऐकू आले नाही, एखाद्याचे मनगट थकले, की तेवढा ब्रेक सैल.

या सैलपणावर घाटाच्या बांधणाऱ्यांनी जो उपाय काढला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांनी उतारावर मधेमधे बाजूला चढावर जाणारे फाटे काढले. सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असे. उतरणाऱ्या गाडीने तिथे थांबून दाखवायचे. थांबली, म्हणजे ती ताब्यात आहे हे सिद्ध झाले, की मगच सांधा बदलून तिला पुढची वाट द्यायची. न थांबणारी गाडी आपोआप फाट्यावर चढून दम सोडी. आजही लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल, ठाकुरवाडी अशा ठिकाणी क्षणभर थांबतात. डब्यातली मंडळी कंटाळून घड्याळ पाहतात. वस्तुतः ती गाडी तिथे आपला ब्रेक सिद्ध करीत असते.

पुढे १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस याने दाबलेल्या हवेवर चालणारा ब्रेक काढला, आणि १८७२ मध्ये त्यात अशी सुधारणा केली की तिच्यापुढे हात जोडावेत. गाडीच्या नळीत हवेचा दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेला राहतो. नळी फुटली, डबा तुटला, हवा गळली, की ब्रेक आपोआप लागतो. म्हणजे बिघाड झाला की गाडी थांबते! आपल्या आगगाड्यांत प्रथम निर्वात पोकळीवर चालणारे ब्रेक आले आणि नंतर हवेच्या दाबाचे. दोहोंचे तत्त्व तेच. साखळी ओढली की गाडी थांबते ती याच युक्तीने.

आमच्या फटफटीचे मात्र नेमके उलटे आहे. तिच्या नळीत गळती झाली तर ब्रेक लागत नाही, सुटतो. तिथे हवा राखणदार, इथे हवा चोर. हे मला उस्तादांनी समजावले.

* * *

उस्ताद म्हणजे पनवेलचे एक जुने मेकॅनिक. त्यांचे दुकान म्हणजे एक पत्रा आणि एक बाकडे. मी घडलेली हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"गुरुजी, दोनदा दाबल्यावर घट्ट होत होता ना?"

"होत होता."

"किती दिवस?"

"तीन महिने."

ते काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे, असे वाटले.

आता यात गंमत अशी की फळ्यावर पास्कलचा नियम मी पोरांना समजावून सांगतो. ब्लेझ पास्कल या फ्रेंच पंडिताचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली निघाला; कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला तर तो सर्वत्र सारखा पोचतो, हे त्यात आहे. त्यावरून १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने इंग्लंडात दाबयंत्र केले. लहान दट्ट्यावर थोडा जोर द्या, मोठ्या दट्ट्यावर पुष्कळ जोर मिळतो. परंतु रस्त्यावरच्या गाडीला हे सुचायला आणखी शंभरावर वर्षे गेली. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनोने पिंपासारख्या डब्यात आतून फाकणाऱ्या पट्ट्यांचा ब्रेक केला; त्याच साली इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. पण त्याची तांब्याची चिमटी भयंकर किंचाळे आणि लवकर झिजे. दोन्हींना ओढायला तारा आणि सळयाच होत्या. माल्कम लॉगहेड या अमेरिकनाने १९१७ साली तारेच्या जागी नळीतला द्रव घालण्याचे पेटंट घेतले आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना तो ब्रेक लागला. पुढे हा माणूस आपले नाव उच्चाराप्रमाणे लॉकहीड असे लिहू लागला. विमानांच्या कंपनीचे नाव त्याच्या भावाचे. पहिल्यापहिल्याने दट्ट्याभोवतीची चामड्याची वळी सुकून द्रव गळे; मग रबराची आली. पाहा, तिथेही शत्रू एकच: गळती.

१९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तबकडीच्या ब्रेकांची जग्वार जिंकली आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. फटफटीच्या पुढच्या चाकाला द्रवाचा डिस्क ब्रेक कारखान्यातूनच बसवून सर्वसामान्यांपुढे आणला तो १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने. आपल्याकडे १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड आणि १९६१ च्या सुमारास म्हैसूरला जावा तयार होऊ लागली. त्या तारेवर आणि ड्रमवर चालत. १९८३ ची राजदूत ३५० ज्या जपानी गाडीवरून घेतली, तिला पुढे डिस्क असे. इथल्या गाडीला ड्रमच आला. मग १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझेड पुढे डिस्क घेऊन आली, २००१ मध्ये बजाजची पल्सर आली, आणि दहा-पंधरा वर्षांत ती चकाकती तबकडी खेड्यापाड्यांत पोचली.

आमची गंमत, किंवा शोकांतिका, इथेच होती. गाडी नवी आली, पण आमची बोटे जुनीच राहिली. माझ्या वडिलांच्या गाडीला तार होती. तार ताणली, ब्रेक सैल झाला, की चाकापाशी असलेला नट दोन फेरे आवळायचा, झाले! ते काम मी पाचवीत असल्यापासून करीत आलो. नव्या गाडीचा लिव्हर मऊ लागू लागला तेव्हा मी तोच नट शोधत चाकाभोवती फिरलो. तो तिथे नव्हता. मग मी शोध सोडला आणि दोनदा दाबायला शिकलो.

* * *

उस्तादांनी तपासणी ज्या क्रमाने केली तो क्रम मी वहीत उतरवून घेतला. आपणही घ्यावा.

त्यांनी प्रथम लिव्हर दाबलाच नाही. वर-खाली हलवून पाहिला. ज्या बोल्टावर तो फिरतो तो सैल किंवा झिजलेला असेल तर नुसता खुळखुळ वाजतो आणि माणूस उगाच घाबरतो. तो दोष वेगळा आणि स्वस्त. आमचा बोल्ट ठीक होता.

दुसरे, लिव्हर लागोपाठ चारदा दाबला. तो घट्ट होत गेला. "आत हवा आहे," ते म्हणाले. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. तेव्हा पहिला जोर हवेचे बुडबुडे चेपण्यात खर्च होतो. तुमच्या मुठीने केलेले काम बुडबुडा खातो आणि चाक उपाशी राहते.

तिसरे, लिव्हर घट्ट दाबून धरला आणि मनात वीस आकडे मोजले. तो हळूहळू आत सरकत गेला असता तर कुठेतरी गळती आहे असे समजायचे. बाहेर ओल दिसली तर नळीची किंवा जोडाची. ओल कुठेच नसेल तर मुठीजवळच्या मास्टर सिलिंडरातले रबर गेले. आमचा सरकला नाही.

चौथे, दाबताना रबरी नळी हाताने चाचपली. जुनी नळी दाबाने फुगते, आणि तेवढा जोर फुगण्यात जातो. पाचवे, चिमटीतले पॅड किती उरले आणि चिमटी आपल्या खिळ्यांवर मोकळी सरकते का, ते पाहिले.

शेवटी त्यांनी मुठीजवळच्या डबीचे झाकण उघडले. ब्रेक ऑइल नवे असते तेव्हा मधाळ, पारदर्शक असते. आमचे चहाच्या चोथ्यासारखे काळपट झाले होते.

"हे कधी बदललं होतं?"

बदलायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. खरी गोम तिथे होती. हे तेल हवेतली ओल शोषून घेते, आणि आमच्या पनवेल तालुक्यातला पाऊस कोणाला सांगायला हवा? डॉट ४ जातीचे कोरडे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात तीन-चार टक्के पाणी गेले की तो आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. घाट उतरताना मी लिव्हर सतत दाबून धरला होता. तबकडी तापली, तिच्याजवळचे तेल तापले, त्यातल्या पाण्याची वाफ झाली. आणि वाफ म्हणजे हवेचीच बहीण. देवळापाशी अर्धा तास गेला तेव्हा वाफेचे पुन्हा पाणी झाले आणि ब्रेक "आपोआप" सुधारला! असा आपोआप सुधारलेला ब्रेक सर्वांत घातक. कारण घरी पोचल्यावर तो साळसूद असतो.

मग त्यांनी जुने तेल काढले. डबीत ताजे तेल घालायचे, लिव्हर काही वेळा दाबून धरून ठेवायचा, खालच्या चिमटीवरचे निपल पान्याने किंचित उघडायचे, बुडबुड्यांसह तेल नळीतून बाटलीत सोडायचे, आणि निपल बंद केल्यावरच लिव्हर सोडायचा. आधी सोडला तर तीच हवा परत आत ओढली जाते. डबी मधेच रिकामी होऊ द्यायची नाही. लिव्हर मी धरला होता. "धरा... सोडा... धरा," असे ते सांगत. बुडबुडे बारीक होत गेले, मग थांबले, आणि एका क्षणी माझ्या बोटांना दगडासारखे काहीतरी लागले. ते चाक होते. तीन महिन्यांनी माझा हात चाकाला लागला.

पैसे देताना उस्तादांनी तीन गोष्टी सांगितल्या. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, डबीवर लिहिलेल्या जातीचेच, आणि सीलबंद बाटलीतले घालायचे. इंजिन ऑइल चुकूनही नाही, त्याने रबर फुगते. घाट उतरताना गियर खाली ठेवायचा आणि ब्रेक धरून न ठेवता दाबून सोडायचा. तिसरी गोष्ट अशी, "पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील, असं पोरांना शिकवू नका, गुरुजी." सायकलवर आपल्याला वडीलधाऱ्यांनी तेच शिकवलेले असते. पण ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे येतो, मागचे चाक हलके होते. थांबवण्याचे मोठे काम पुढच्या चाकाचेच असते. आता १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना चाक जाम न होऊ देणारी एबीएस यंत्रणा आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी योजना कायद्याने आली. चांगले झाले. परंतु मुठीतला जोर जर बुडबुड्यातच मुरला, तर त्या यंत्रणेने तरी काय करावे?

* * *

घरी आल्यावर मी मुलीला जवळ बसवले आणि सांगितले, की त्या दिवशी आपण देऊळ पाहायला थांबलो नव्हतो. ब्रेक गेला होता, आणि तो जाणार आहे असे तो मला तीन महिने सांगत होता.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग नाणं कशाला ठेवलंत?"

मला उत्तर सुचले नाही. अजूनही नीटसे सुचलेले नाही.

वेस्टिंगहाउसच्या ब्रेकात बिघाड झाला की गाडी स्वतः थांबते. आमच्या दुचाकीला ती अक्कल नाही. तिच्याजवळ फक्त मुठीतला तो मऊपणा आहे. तेवढीच तिची भाषा. ती ऐकायची की दोनदा दाबून गप्प करायची, हे मुठीवाल्याने ठरवायचे. यंदा दिवाळीत पुष्कळजण दुचाकीवरून माहेरी, सासरी, बहिणीकडे निघाल. निघण्यापूर्वी अंगणातच एकदा लिव्हर दाबून पाहा.

आम्हीही परवा लोणावळ्याला जाणार आहोत. परतताना घाटाच्या तोंडाशी थांबायचे, ब्रेक दाबून पाहायचा आणि मगच उतरायचे, असे ठरले आहे. लिव्हर दाबून पाहण्याचे काम मुलीने मागून घेतले आहे. तिने हो म्हटल्याशिवाय गाडी हलणार नाही.